स्वच्छ कोणाच्या नाकाने? घरातला ससा आणि त्याचा कोपरा



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, काही चूक झाली का? तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि सशाच्या लेंड्या?" चूक झालेली नाही. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात 'शशशृंग' शिकवलं. शशशृंग म्हणजे सशाचं शिंग. जे नाहीच, त्याचं आपल्या दर्शनांमधलं हे ठरलेलं उदाहरण. आकाशपुष्प आणि वंध्यापुत्र यांच्या पंगतीतलं. सशाला नसलेल्या शिंगावर आम्ही तासन्‌तास बोललो. सशाला जे आहे, म्हणजे नाक, तळपाय, पोट, त्यातलं मात्र काहीच ठाऊक नव्हतं. ते निवृत्तीनंतर आंबेगावात राहायला आल्यावर नातीच्या सशाने शिकवलं, आणि त्या शिकवणीची फी त्यानेच भरली. ती गोष्ट पुढे येईल. आधी थोडी ओळख करून घेऊ.

मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव देतो. जुन्नर-आंबेगावच्या माळावर, बांधावर संध्याकाळी उड्या मारत जातो तो रानससा. तो बीळ करत नाही. गवतात दबून बसतो, त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. पेठेतून आपण विकत आणतो तो पांढरा किंवा भुरा ससा वेगळा. त्याचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं. तो बिळात, कळपाने राहणारा. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. रानसशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याला पकडून पाळता येत नाही. शेतात काम करताना त्याचं पिल्लू सापडलं तर ते पोरकं समजून घरी आणू नका. आई दिवसभर लांब असते आणि अंधार पडताना पाजायला येते. पिल्लू होतं तिथेच राहू द्या.

हा फरक आम्ही का सांगतोय? कारण आजच्या विषयाचं मूळ त्यातच आहे. बिळात कळपाने राहणाऱ्याला कुठेही घाण करून चालत नाही. रानातले हे बिळातले ससे ठरलेल्या जागी लेंड्या टाकतात, आणि त्या जागेच्या वासावरून 'हा आमचा इलाका' हे इतरांना कळतं. म्हणजे आपण सशाला 'शी-शूची सवय लावतो' हा आपला गैरसमज आहे. सवय त्याला मुळातच असते. आपल्याला फक्त त्याने निवडलेला कोपरा मान्य करायचा असतो.

आता आपल्या भागाचा एक प्रश्न. ससा अंगणात ठेवावा की घरात? पुस्तकात अंगणातल्या खुराड्याची सुंदर चित्रं असतात. पण आपल्याकडे उसात बिबट्या राहतो. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र कशासाठी उभं राहिलं हे जुन्नरकरांना सांगायला नको. जिथे रात्री कुत्रं बाहेर बांधायची सोय राहिली नाही, तिथे जाळीच्या खोक्यात ससा ठेवणं म्हणजे त्याला ताटात वाढून ठेवणं. बिबट्या नाही आला तरी मुंगूस आहे, बोका आहे, साप आहे. आणि जाळीबाहेर नुसता असा प्राणी घुटमळला तरी भीतीनेच सशाचा जीव जाऊ शकतो. म्हणून आपल्याकडे ससा रात्री घरातच हवा. आणि तो घरात आला की त्याची स्वच्छता हा आपल्या घराचा प्रश्न होतो. तिथेच आमचं चुकलं.

भुऱ्या आमच्याकडे आला तेव्हा चार महिन्यांचा होता. मागच्या पडवीत, दाराआड त्याची जागा केली. आमचं घर तसं सोवळ्यातलं नाही, पण स्वच्छतेचा अभिमान फार. रोज सकाळी त्याला उचलून बाजूला ठेवायचं, सगळं बाहेर काढायचं, फिनेल टाकून फरशी पुसायची, गोणपाट धुवायचं. दुपारपर्यंत त्याने दुसऱ्याच कोपऱ्यात, तिसऱ्याच दिवशी गादीवर लघवी केलेली. आम्ही आणखी फिनेल टाकलं. त्याने आणखी जागा बदलल्या. घरात सगळ्यांचं मत पडलं, की ससा घाणेरडा आहे.

आज कळतं तो काय म्हणत होता. रोज सकाळी कोणीतरी तुमच्या घराच्या दारावरची पाटी पुसून टाकतंय आणि वर डांबरासारख्या उग्र वासाचं काहीतरी फासतंय. तुम्ही काय कराल? पुन्हा पाटी लिहाल, आणि यावेळी चार ठिकाणी लिहाल. भुऱ्या तेच करत होता. आमच्या नाकाला फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता; त्याच्या नाकाला तो घरातून हुसकावणं.

आणि नाकाची उंचीही लक्षात घ्या. उभ्या माणसाचं नाक जमिनीपासून पाच फुटांवर असतं. सशाचं चार बोटांवर. सशाचं मूत्र साठून राहिलं की त्यातून अमोनिया सुटतो. तो आपल्याला जाणवायला लागतो तोवर ससा कितीतरी वेळ त्यातच श्वास घेत बसलेला असतो. नाक गळणं, शिंका, डोळ्यांतून पाणी, पुढे फुप्फुसाचा आजार, हे त्यातून येतं. म्हणजे दोन्ही टोकं वाईट. घाण राहिली तर अमोनिया, अति धुतलं तर फिनेल. मधली वाट अशी.

पहिलं, कोपरा. दोन दिवस नुसतं बघा, तो लघवी कुठे करतो. तिथेच ट्रे ठेवा. महागडा आणायची गरज नाही. आम्ही बाजारातून प्लास्टिकचं मोठं घमेलं आणलं. ससा त्यात पूर्ण बसून वळू शकेल एवढं मोठं हवं. काठ उंच असेल तर एका बाजूने कापून, धार घासून पायरी करा. तो दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर घमेलं तिकडे न्या, त्याच्याशी भांडू नका. काही लेंड्या आणि लघवीने भिजलेला कागदाचा तुकडा त्यात ठेवा. त्याच्यासाठी तीच पाटी.

दुसरं, घमेल्यात काय घालायचं. तळाला रद्दीच्या कागदाचा जाड थर, त्यावर वाळलेलं गवत किंवा भाताचा पेंढा. आपल्या पश्चिमेकडच्या भातपट्ट्यात पेंढ्याला तोटा नाही. तो कोरडा आणि बिनबुरशीचा हवा, एवढंच बघा. कागदाच्या दाबलेल्या गोळ्या मिळाल्या तर उत्तमच. काय घालायचं नाही ते नीट ऐका. मांजरासाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती नको; ससा ती चाटतो, कुरतडतो आणि ती पोटात बसते. सुताराकडचा बारीक भुस्सा नको. त्याची धूळ नाकात जाते, आणि त्यात प्लायवूडचा गोंद असतो तो वेगळाच. चीड, देवदार अशा सुगंधी लाकडाच्या ढलप्या तर नकोतच. आपल्याला गोड वाटणारा तो वास सशाच्या यकृतावर आणि श्वासावर ताण टाकतो. डांबरगोळ्या, धूप, अगरबत्ती, यातलं काहीही त्याच्या जागेजवळ नको.

तिसरं, चारा घमेल्याला लागूनच. हे ऐकून घरात सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. "जेवायचं आणि तेही तिथेच?" आपल्या शुद्ध-अशुद्धाच्या कल्पनेला हा मोठाच धक्का. पण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, तशी त्याच्या आतड्याची रचना आहे. घमेल्याच्या एका कडेला, तोंडाच्या उंचीवर गवताची जुडी अडकवून ठेवली, की तो घमेल्यात बसून खातो आणि सगळं तिथेच पडतं. आमचा निम्मा झाडू त्या एका बदलाने कमी झाला. पाणी मात्र दूर ठेवा, नाहीतर घमेलं ओलं होतं.

चौथं, जमीन. तारेच्या जाळीवर ससा ठेवला की लेंड्या खाली पडतात, साफ करायला सोपं, म्हणून पुष्कळ लोक तसा पिंजरा घेतात. पण कुत्र्या-मांजराच्या पायाला गादी असते तशी सशाच्या पायाला नसते, नुसते केस असतात. तारेवर बसून टाचेला फोड येतात, मग जखम होते. जाळीच असेल तर अर्ध्याहून जास्त भागावर फळी किंवा गोणपाट हवं. सोय आपली आणि फोड त्याला, हा व्यवहार बरा नव्हे.

आता रोजचं काम. आमच्या घरात ते दहा मिनिटांचं आहे. सकाळी घमेल्यातलं ओलं तेवढं काढायचं, वर कोरडं घालायचं. सांडलेलं गवत केरसुणीने गोळा करायचं. पाण्याचं भांडं घासायचं, नुसतं विसळायचं नाही, त्याला बुळबुळीत थर धरतो. बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून घमेल्यात टाकायच्या, म्हणजे त्याला जागेची आठवण राहते. आठवड्यातून एक-दोनदा घमेलं रिकामं करून धुवायचं. तळाला पांढरा, चुन्यासारखा थर दिसेल. तो साबणाने निघत नाही, कारण तो क्षार आहे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घालून पंधरा मिनिटं ठेवा, ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ऊन हा आपल्याकडचा फुकटचा जंतुनाशक.

इथे एक धोका सांगायलाच हवा. सशाच्या लघवीवर थेट ब्लीच टाकू नका. लघवीतल्या अमोनियाशी ते मिसळलं की विषारी वायू तयार होतो, तो माणसालाही घातक. ब्लीच आणि व्हिनेगरही कधी एकत्र करू नका. आणि त्याची सगळी जागा एकाच दिवशी धुवू नका. आज घमेलं, तीन दिवसांनी गोणपाट. त्याचा थोडा वास कुठेतरी राहू द्या. आमच्या स्वच्छतेच्या व्याख्येत ही दुरुस्ती करायला आम्हाला वर्ष लागलं.

आता आजच्या विषयाचा गाभा. घमेलं हे नुसतं घाण टाकायचं भांडं नाही, ते रोजचं वर्तमानपत्र आहे. ससा ओरडत नाही. दुखलं तर लपवतो, कारण रानात दुबळा दिसला तो आधी खाल्ला जातो. त्याची तब्येत कळते ती घमेल्यातूनच. निरोगी ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो. गोल, कोरड्या, मोडल्या तर आत गवताचा चुरा. त्या बारीक झाल्या, कमी झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, तर पोट मंदावतंय. दहा-बारा तास खाणं नाही आणि लेंडीही नाही, तर उद्या बघू म्हणू नका. त्याच दिवशी सशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा.

दुसऱ्या प्रकारच्याही लेंड्या असतात. मऊ, काळपट, चमकदार, एकमेकींना चिकटलेल्या. नारायणगावकरांना सांगायचं तर काळ्या द्राक्षाच्या अगदी छोट्या घोसासारख्या. त्या ससा निवांत वेळी थेट तोंडाने घेऊन खातो. नातीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ओरडलीच. पण ही घाण नव्हे. हे त्याचं दुसरं जेवण आहे. गवतातून एका फेरीत न मिळालेली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं तो दुसऱ्या फेरीत घेतो. गायीच्या रवंथाला आपण नाक मुरडत नाही, तसंच हे. त्या घोसासारख्या लेंड्या जर रोज घमेल्यात पडून राहिल्या किंवा त्याच्या मागे चिकटू लागल्या, तर समजा काहीतरी बिघडलंय. बहुतेक वेळा खाणं जास्त गोड, जास्त पौष्टिक झालेलं असतं, नाहीतर तो इतका जाड किंवा आजारी असतो की मागे वळून तोंड पोचत नाही.

लघवीचा रंग पिवळ्यापासून विटकरी लालपर्यंत बदलतो. खाल्लेल्या पाल्यातल्या रंगांनी तसं होतं, लगेच घाबरू नका. कुंथतोय, थेंब थेंब होतेय, गुठळी दिसतेय, तर मात्र दाखवा. आणि लघवी घट्ट, पांढऱ्या लेपासारखी असेल तर गोठ्याकडे बघा. आपल्याकडे दुधाचा धंदा, घरोघरी लसूणघास. गायीला टाकताना एक पेंडी सशालाही जाते. लसूणघासात चुनखडीचा अंश, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असतं. ससा जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतो, म्हणून ती दाट होते आणि मूत्राशयात गाळ साचतो. वाढत्या पिल्लाला लसूणघास चालतो. मोठ्या सशाला मुख्य अन्न वाळलेलं गवतच हवं. आणि बांधावरचं गवत कापण्याआधी, शेजारच्या टोमॅटोवर, द्राक्षावर किंवा उसातल्या तणावर कधी फवारणी झाली ते विचारून घ्या.

आता भुऱ्याची राहिलेली गोष्ट. दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही दोन दिवस नातेवाइकांकडे गेलो. शेजाऱ्यांनी चारा-पाणी चोख केलं. त्यांचा काही दोष नाही, आम्ही त्यांना तेवढंच सांगितलं होतं. जाण्याआधी आम्ही पडवी फिनेलने लख्ख पुसली होती. भुऱ्याला तेव्हा आमच्या लाडाने बिस्किटं, लसूणघास, केळं, सगळं चालू होतं, आणि त्याच्या मागच्या बाजूला मऊ लेंड्या चिकटत होत्या. आम्ही फरशी बघत होतो, ससा बघत नव्हतो. दमट हवेत अशा ओल्या केसांवर माशी अंडी घालते आणि चोवीस तासांच्या आत आळ्या होतात. त्या कातडीत शिरतात. आम्ही परतलो तेव्हा तो कोपऱ्यात गप्प बसला होता. पशुवैद्यांनी केस बाजूला करून दाखवलं आणि काही बोलले नाहीत. रात्री तो गेला. फरशी तेव्हाही चकचकीत होती.

म्हणून पावसाळ्याचा नियम: रोज सकाळ-संध्याकाळ सशाला हळूच धरून शेपटीखाली बघायचं. चिकटलं असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करायचा. अख्ख्या सशाला अंघोळ घालायची नाही. त्याचे दाट केस लवकर वाळत नाहीत, आणि धक्क्यानेही तो दगावतो. घमेलं पावसाळ्यात रोज बदलायचं, खिडकीला बारीक जाळी लावायची. भीमाशंकरकडच्या गावांत आठवडाभर ऊन दिसत नाही; तिथे दोन घमेली ठेवा, एक वाळत असताना दुसरं वापरा. आळी दिसली तर घरगुती उपाय शोधत बसू नका, लगेच निघा.

योगशास्त्रातल्या पाच नियमांमध्ये पहिला 'शौच'. म्हणजे शुचिता, शरीराची आणि मनाची. व्यवहारात हा शब्द शौचालयापुरता उरला, याचं आम्हाला पूर्वी वाईट वाटायचं. आता वाटत नाही. दुसऱ्या जिवाची घाण रोज उचलताना, तो आज कसा आहे हे बघणं, यापेक्षा शुचितेची चांगली तालीम आम्हाला तरी ठाऊक नाही. स्वतःच्या नाकाला बरं वाटावं म्हणून केलेली ती सफाई. त्याला बरं वाटावं म्हणून केलं तर ते शौच.

वेळ होत आलीय. दोन प्रश्न घेऊ.

एका ताईंचा प्रश्न आहे, "आमचा ससा सहा महिन्यांचा झाला आणि अचानक भिंतीवर, सोफ्यावर लघवी उडवायला लागला. घमेल्याची सवय मोडली का?" मोडली नाही, ताई. तो वयात आलाय. नर जास्त करतात, मादीही करते. योग्य वयात नसबंदी केली की बहुतेकांचं हे थांबतं. मात्र सशाची भूल नाजूक असते, त्यामुळे सशांवर ही शस्त्रक्रिया नेहमी करणारा डॉक्टर शोधा, त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी जा. तोपर्यंत त्याला मारू किंवा ओरडू नका. ससा त्यातून सवय शिकत नाही, फक्त तुम्हाला घाबरायला शिकतो.

आणि ओतूरहून आलेले एक शेतकरी विचारतायत, "घमेल्यातलं निघतं त्याचं काय करायचं?" दादा, हा तुमचा आवडता भाग. सशाच्या लेंड्या हे थंड खत. कोंबडीखतासारखं ते झाड जाळत नाही, कढीपत्त्याच्या, गुलाबाच्या बुडाशी थेट टाकता येतं. लघवीने भिजलेला पेंढा आणि कागद मात्र खड्ड्यात कुजवून मग वापरा. पालेभाजी कच्ची खाणार असाल तर लेंड्याही आधी कुजवलेल्याच बऱ्या. आणि हात साबणाने धुवा, मुलांनाही धुवायला लावा.

आमच्या पडवीत आता दोन ससे आहेत, सहा वर्षांचे. सकाळचं घमेलं आमच्याकडेच आहे, ते काम आम्ही कोणाला देत नाही. नात पुण्याहून फोन करते तेव्हा पहिला प्रश्न तिचा असतो, "आजोबा, आज लेंड्या कशा आहेत?" परवा आम्ही म्हणालो, "गोल, कोरड्या आणि भरपूर." ती म्हणाली, "मग छान."